कण्याची कैफियत

शास्त्री नदी जेथे समुद्रास मिळते, त्या मुखावर वसलेल्या जयगडात कंबरदुखीचाही एक हंगाम असतो. पावसाळी बंदी उठून 1 ऑगस्टला नौका पुन्हा पाण्यात लोटल्या जातात, दोन महिने विसावलेल्या पाठींवर भिजल्या जाळ्यांचा, बर्फाच्या लाद्यांचा आणि माशांनी भरलेल्या टपांचा भार एकाएकी येतो, आणि आठवड्याभरात कोणाला चमक भरते, कोणाची कंबर धरते, तर कोणाच्या कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत शीर ओढल्यासारखी वेदना उतरते. पायाळू माणसाने कमरेवर लाथ मारली की उसण जाते, या जुन्या समजुतीस मी हसत नाही. साधी उसण बहुधा काही आठवड्यांत आपोआपच जाते, आणि श्रेय ज्याचा पाय शेवटी लागला त्याच्या पदरी पडते. आम्ही पदवीधरही त्या श्रेयातला आपला हिस्सा बिनदिक्कत उचलत आलो आहोत.

देशातील पहिली भौतिकोपचार शाळा 1953 साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात निघाली, आणि तेव्हापासून या विद्येचा विस्तार पुष्कळ झाला. तथापि कणा तपासण्याचे शिक्षण देताना मला सर्वाधिक झगडावे लागते ते विद्यार्थ्याच्या चित्रमोहाशी. 1934 साली मिक्स्टर आणि बार या अमेरिकन शल्यविशारदांनी सरकलेली चकती मज्जातंतूच्या मुळावर दाब आणते हे दाखवून दिले, आणि वैद्यकाची दृष्टी त्या चकतीवर जी खिळली ती खिळलीच. पुढे 1994 साली, कंबरदुखी नसलेल्या 98 माणसांची एम.आर.आय. चित्रे अमेरिकेत तपासली गेली, तेव्हा निम्म्याहून अधिकांत कोठे ना कोठे चकती फुगलेली आढळली! चित्र हा पुरावा खरा, परंतु रोग्याची कैफियत ऐकल्यावाचून त्यावरून निकाल देणे हा अन्याय होय.

न्यूझीलंडच्या रॉबिन मॅकेन्झी या भौतिकोपचारतज्ज्ञाकडे 1956 साली पाय दुखणारा एक रोगी, डोक्याकडील बाजू उचललेल्या मेजावर चुकून पालथा पडून राहिला आणि उठला तो पायातील वेदना नाहीशी होऊन. त्या योगायोगातून मॅकेन्झींनी जी पद्धत उभारली, तिचे मर्म मी जयगडच्या वर्गात परिचारिका व आरोग्यसेवक यांना बाकावरच दाखवितो. पोटरीपर्यंत कळ जाणाऱ्या खलाशास पालथे निजवावयाचे, कंबर सैल सोडून हातांच्या जोरावर छाती उचलावयास सांगावयाचे, आणि तीच हालचाल दहा वेळा करवून घेऊन प्रत्येक वेळी वेदना कोठवर आहे हे विचारावयाचे.

"पोटरी मोकळी झाली, पण कंबर जास्तच दुखायला लागली हो," तो म्हणतो, आणि शिकाऊ परिचारिका घाबरून माझ्याकडे पाहते. वास्तविक हेच शुभलक्षण! वेदना पायातून माघारी कण्याकडे सरकत असेल, तर तीच दिशा बहुधा उपचाराची; उलट ती पायात आणखी खाली उतरू लागली, तर तत्क्षणी थांबावे. मग पायाचा अंगठा बोटाच्या दाबाविरुद्ध वर उचलवून घ्यावा, टाचेवर व चवड्यावर चालवून पाहावे, गुडघ्याचा व घोट्याचा झटका तपासावा, आणि आधीच्या नोंदीशी ताडून पाहावे. या साऱ्यास रबरी हातोडी आणि अर्ध्या तासाची सबुरी याहून अधिक सामग्री लागत नाही. अर्थात गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात हातोडी मिळते, सबुरी मिळत नाही.

मात्र थोड्या रोग्यांच्या बाबतीत व्यायामाचे नावही काढू नये. पाठदुखीबरोबर लघवी तुंबली, बसण्याची जागा बधिर झाली किंवा पायातील शक्ती ओसरू लागली, तर शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयाकडे त्याच रात्री निघावे, सकाळची वाट पाहू नये. संध्याकाळचा ताप, घटत चाललेले वजन आणि विश्रांतीनेही न शमणारी वेदना यांची सांगड दिसली, तर कण्याच्या क्षयाचा तपास आधी करावा. माझ्या मते हे दोन परिच्छेद ज्या परिचारिकेस मुखोद्गत आहेत, ती गावाला महागड्या यंत्राहून अधिक उपयोगी आहे.

रत्नागिरीस 2023 साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. तेथील विद्यार्थ्यांना ऑगस्टात आठवडाभर जयगडच्या जेटीवर धाडण्याची तजवीज चालकांनी करावी, अशी माझी विनंती आहे. रुग्ण शोधण्यास त्यांना फार चालावे लागणार नाही.