इक्वादोर : नेलेलं आणि राखलेलं

इक्वादोर हा देश दक्षिण अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात, कोलंबिया आणि पेरू यांच्या मधे आहे. आकारानं महाराष्ट्रापेक्षाही लहान. पण अँडीजची बर्फाळ शिखरं, अ‍ॅमेझॉनचं जंगल आणि किनाऱ्यापासून सुमारे १००० किलोमीटर दूर प्रशांत महासागरातली गालापागोस बेटं, हे सगळं त्याच्या वाट्याला आलंय. माझी थोरली बहीण नाशिकच्या एका शाळेत जीवशास्त्र शिकवायची. उत्क्रांतीचा धडा शिकवताना फळ्यावर काढलेल्या गालापागोसच्या फिंच पक्ष्यांच्या चोची तिला प्रत्यक्ष पाहायच्या होत्या. ती निवृत्त झाल्यावर आम्ही दोघींनी एका छोट्या गटाबरोबर ही सहल केली. आम्हाला स्पॅनिश येत नाही, हे गटाबरोबर जाण्याचं एक कारण. दुसरं म्हणजे, गालापागोसच्या राष्ट्रीय उद्यानात बहुतेक ठिकाणी परवानाधारक मार्गदर्शकाशिवाय पाऊलच ठेवता येत नाही.

कितो ही राजधानी २८५० मीटर उंचीवर वसलेली आहे. पहिल्या दिवशी दोन जिने चढले तरी धाप लागत होती. आमची तिथली गाईड कितोचीच, इतिहास शिकलेली, चाळिशीतली बाई. ती आम्हाला मुद्दाम हळू चालवायची आणि मधेच एखाद्या जुन्या कॉफीघरात बसवायची. कितोकर गरम चॉकलेटमध्ये चीजचे तुकडे टाकून खातात. मला ते फार आवडलं, ताईनं मात्र चीज बाजूला काढून ठेवलं.

जुन्या कितोला युनेस्कोनं १९७८ साली जागतिक वारशाचा दर्जा दिला. यादीच्या पहिल्याच वर्षी निवडलेल्या बारा ठिकाणांमध्ये कितो आणि गालापागोस दोन्ही होती. तिथल्या चर्चेसपैकी ‘ला कोम्पान्या’ हे जेझुइटांचं चर्च मी विसरू शकत नाही. बाहेरून राखाडी ज्वालामुखी दगडाचं कोरीव काम आहे. आत गेलं की भिंती, खांब, कमानी, छत, सगळं लाकडात कोरून त्यावर सोन्याचा वर्ख चढवलेला. बांधकाम १६०५ साली सुरू झालं, हे ऐकल्यावर मला जुन्या गोव्याचं बॉम जेझूस आठवलं. तेही जेझुइटांचंच आणि त्याचं अभिषेकाचं वर्षही १६०५. गोव्यात एक वास्तू पूर्ण होत होती तेव्हा पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला दुसरीचा पाया घातला जात होता. कितोचं चर्च १७६५ मध्ये पुरं झालं आणि दोनच वर्षांनी स्पेनच्या राजानं जेझुइटांना आपल्या सगळ्या मुलखातून हाकलून दिलं.

गाईडनं आम्हाला त्या सोन्यासमोर बराच वेळ उभं केलं आणि मग अताहुआल्पाची गोष्ट सांगितली. या उत्तरेकडच्या मुलखावर सत्ता असलेला हा इंका राजा १५३२ मध्ये आजच्या पेरूतल्या काहामार्काला स्पॅनिशांच्या हाती सापडला. सुटकेसाठी त्यानं खोलीभर सोनं देऊ केलं आणि ते खरोखर गोळा करून दिलंही. पुढच्या वर्षी त्याला तरीही मारलं. त्याचा सेनापती रुमिन्याउई यानं स्पॅनिश येण्याआधी कितो जाळून टाकलं, त्यांच्या हाती काही लागू नये म्हणून. आज दिसतं ते शहर १५३४ नंतर त्या राखेवर उभं राहिलेलं आहे. हे सांगताना तिच्या आवाजात राग नव्हता, पण ती एकही तपशील गाळत नव्हती. मला ते मोलाचं वाटलं. वारसा दाखवताना तो कुणाच्या किमतीवर उभा राहिला हे न सांगणारे गाईड मी पुष्कळ पाहिले आहेत.

पलीकडच्या सान फ्रान्सिस्को चर्चमध्ये मुख्य वेदीवर बेर्नार्दो दे लेगार्दा यानं १७३४ मध्ये घडवलेली मेरीची मूर्ती आहे. तिला पंख आहेत, पायाखाली साप आहे आणि अंग नाचताना वळावं तसं वळलेलं आहे. फ्रान्सिस्कन साधूंनी इथल्या मुलांना सोळाव्या शतकातच चित्रकला आणि मूर्तिकला शिकवायला सुरुवात केली होती. त्यातून कितोची स्वतःची कलापरंपरा उभी राहिली. पुढे कास्पिकारा या नावानं गाजलेला मूर्तिकार मानुएल चिली हा मूळनिवासीच होता. संत युरोपातले, पण त्यांना घडवणारे हात इथले. ताई त्या मूर्तीपुढे इतका वेळ उभी राहिली की सोबतचे लोक पुढच्या दालनात जाऊनही आले.

दक्षिणेकडचं क्वेन्का हे शहर शांत आहे आणि राहायला कितोपेक्षा सुखाचं. निळ्या घुमटांचं नवं कॅथेड्रल सगळेच पाहतात. मला त्याच्यासमोरचं जुनं कॅथेड्रल अधिक भावलं, कारण त्याच्या बांधकामात इंकांच्या तोमेबाम्बा नगरातले दगड वापरले आहेत. ‘पनामा हॅट’ म्हणून जगभर विकली जाणारी टोपी मुळात याच देशातली. तोकिया नावाच्या वनस्पतीच्या पानांचे बारीक धागे काढून ती विणतात. माल पनामामार्गे जगात गेला आणि नाव पनामाचं झालं. एका कारखान्यात आम्ही मधोमध सुरू करून गोलगोल विणत जाणारी बोटं पाहिली. उत्तम टोपी विणायला महिनेच्या महिने लागतात. विणणाऱ्या बाईच्या हाती टोपीच्या किमतीतले किती पैसे पडतात हे विचारल्यावर मालकानं उत्तर द्यायचं टाळलं.

कितोहून विमान अँडीज ओलांडून अर्ध्या तासात कोका गावी उतरतं. दार उघडताच दमट हवा अंगावर येते. गावाचं अधिकृत नाव फ्रान्सिस्को दे ओरेयाना. हा स्पॅनिश सरदार १५४१ मध्ये दालचिनी आणि सोन्याच्या शोधात कितोकडून निघालेल्या मोहिमेत होता. खाणं संपलं तेव्हा तो नापो नदीतून पुढे गेला आणि प्रवाहाबरोबर जात जात १५४२ मध्ये थेट अटलांटिकला पोचला. त्याच नापोतून आम्ही मोटारीच्या लांबट होडीनं निघालो. पहिला तासभर दोन्ही काठांवर तेलकंपन्यांचे धक्के, ट्रक वाहून नेणारे तराफे आणि झाडांच्या वर जळत राहणाऱ्या वायूच्या ज्योती दिसत होत्या. या जंगलातलं तेल १९७२ पासून नळांतून अँडीजपलीकडे किनाऱ्याला जातंय आणि देशाचा मोठा खर्च त्याच्यावर चालतो. त्या ज्योती पाहून माझ्या पोटात कालवलं.

आम्ही यासुनी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत किचवा लोकांच्या एका गावानं चालवलेल्या निवासात राहिलो. मुख्य नदी सोडून आतल्या काळ्या पाण्याच्या ओढ्यात शिरलं की मोटार बंद, फक्त वल्ही. नियम गावानंच केलेला. आमचा तिथला वाटाड्या याच गावात जन्मलेला. तो चालता चालता थांबायचा, मान तिरकी करायचा आणि मग बोट वर करायचा. आम्हाला नुसती पानं दिसायची. तो दुर्बीण लावून द्यायचा आणि त्या पानांत एक स्लॉथ आपल्या बाळाला पोटावर घेऊन झोपलेला असायचा. ओढ्याकाठच्या झुडपांत होआत्झिन पक्ष्यांचा थवा होता. कोंबडीएवढे, डोक्यावर विस्कटलेला तुरा, चेहरा निळा. हा पक्षी मुख्यतः पानं खाऊन जगतो आणि गाईसारखी ती आंबवून पचवतो, म्हणून त्याला शेणासारखा वास येतो. त्याच्या पिल्लांच्या पंखांना नख्या असतात. संकट आलं की ती खालच्या पाण्यात उडी मारतात आणि नंतर नख्यांनी फांद्या धरत पुन्हा घरट्यापर्यंत चढतात. ताई चाळीसएक मुलांच्या वर्गाला सांगावं तशी आम्हाला हे सांगत होती आणि वाटाड्या हसून मान हलवत होता.

स्वयंपाकघरात बायका यूका सोलत होत्या. आपण ज्याला टॅपिओका म्हणतो तोच हा कंद, आपला साबुदाणा त्याच्याच पिठीचा. ताईनं दुभाष्यामार्फत त्यांना एकादशीच्या फराळाविषयी सांगितलं. साबुदाणा, बटाटा, शेंगदाणे, मिरची, रताळं, सगळं मुळात अमेरिका खंडातलं, गेल्या पाचशे वर्षांत समुद्रमार्गे आपल्याकडे पोचलेलं. त्यातली वयस्क बाई थक्क झाली. उपास म्हणजे यूका खायची, हे तिला पुन्हा पुन्हा विचारून घ्यावंसं वाटत होतं.

वाटाड्यानं एका संध्याकाळी २०२३ च्या जनमताविषयी सांगितलं. यासुनीतल्या ४३ क्रमांकाच्या तेलपट्ट्यातलं उत्खनन थांबवायचं का, असा प्रश्न देशापुढे ठेवला गेला होता आणि सुमारे ५९ टक्के लोकांनी ‘थांबवा’ म्हणून मत दिलं. याच अरण्यात तागाएरी आणि तारोमेनाने हे बाहेरच्या जगाशी संबंध न ठेवणारे समूह राहतात. विहिरी बंद करण्याचं काम पुढे रेंगाळलं, हेही त्यानं सांगितलं. पण पैशाची चणचण असलेल्या देशातल्या बहुसंख्य माणसांनी जमिनीतलं तेल जमिनीतच राहू द्यायचं ठरवलं, ही गोष्ट मला अजूनही फार मोठी वाटते. सहलीत पाहिलेल्या कुठल्याही शिखरापेक्षा मोठी.

गालापागोसला जाणाऱ्या विमानात बसण्याआधी सामानाची तपासणी होते. फळं, बिया, माती, काहीही नेता येत नाही. बॅगांना सील लागतं. उद्यानाचं शुल्क परदेशी पाहुण्यांना २०० डॉलर. आमच्यातल्या एकानं त्यावरून कुरकुर केली. मला ते रास्त वाटलं.

बेटांवरचे प्राणी माणसाला घाबरत नाहीत, हे सगळ्यांनी वाचलेलं असतं, पण ते अंगावर येतं तेव्हा वेगळंच असतं. पायवाटेच्या मधोमध निळ्या पायांचा बूबी पक्षी अंडं उबवत बसलेला आणि आपण त्याला वळसा घालून जायचं. काळ्या लाव्ह्यावर समुद्री इग्वाना एकमेकांवर रेलून ऊन खात पडलेल्या. जगात समुद्रात चरणारी सरड्याची ही एकमेव जात. त्या नाकातून खाऱ्या पाण्याचे फवारे सोडतात, खाण्याबरोबर पोटात गेलेलं मीठ असं बाहेर टाकतात. ते मीठ वाळून त्यांच्या डोक्यावर पांढरे टोप झालेले होते. एल निन्योच्या वर्षी त्यांचं खाणं असलेलं शेवाळ मेलं की या इग्वाना चक्क आखूड होतात, हाडांसकट, आणि शेवाळ परतलं की पुन्हा वाढतात. समुद्रसिंहाचं एक पिल्लू लुटुलुटु माझ्याकडे आलं, तेव्हा बेटांवरचा आमचा गाईड ओरडला, “सेन्योरा, मागे व्हा!” दोन मीटरचं अंतर राखायचा नियम आहे. ते पिल्लाला माहीत नसतं, म्हणून आपणच मागं सरकायचं.

नियमांमागचा इतिहास कासवांचा आहे. १५३५ मध्ये पनामाचा बिशप तोमास दे बेर्लांगा याचं जहाज वाऱ्याअभावी वाहत इथं लागलं. पुढे चाचे आणि मग देवमाशांचे शिकारी आले. महाकाय कासव अन्नपाण्याशिवाय वर्षभर जिवंत राहू शकतं, म्हणून जहाजाच्या तळात ती उलटी करून रचून नेली जात. एक ते दोन लाख कासवं अशी संपली असावीत, असा अंदाज आहे. डार्विन १८३५ मध्ये पाच आठवडे इथं होता. पाठीच्या आकारावरून कासव कुठल्या बेटाचं हे ओळखता येतं, असं त्याला इथल्या अधिकाऱ्यानं सांगितलं होतं. पिंता बेटाचं शेवटचं कासव, ‘एकटा जॉर्ज’, २०१२ मध्ये मेलं आणि तो वंश संपला.

सांता क्रूझ बेटावरच्या प्रजनन केंद्रात ताई सर्वांत जास्त रमली. तळहाताएवढी पिल्लं, पाठीवर रंगानं लिहिलेले आकडे, रंगावरून बेट कळतं. अंडी उबवणीयंत्रात २८ अंशांना ठेवली तर नर होतात, साडेएकोणतीसला मादी. उंदरांच्या तावडीत सापडणार नाहीत एवढी पिल्लं मोठी झाली, की त्यांना त्यांच्या बेटावर सोडतात. एस्पान्योला बेटाची फक्त १४ कासवं उरली होती, १२ माद्या आणि २ नर. सान दिएगोच्या प्राणिसंग्रहालयातून दिएगो नावाचा तिसरा नर आणला. त्यांच्या संततीतून सुमारे दोन हजार कासवं तयार झाली आणि २०२० मध्ये ते १५ म्हातारे जीवही परत आपल्या बेटावर गेले.

फ्लोरेआना बेटाची कासवं तर एकोणिसाव्या शतकातच नामशेष झाल्याचं मानलं जात होतं. पण इसाबेला बेटावरच्या वोल्फ ज्वालामुखीच्या उतारावर संशोधकांना त्यांचं रक्त अंगात असलेले संकर सापडले. शिकाऱ्यांनी कधीकाळी जहाज हलकं करायला टाकून दिलेल्या कासवांचे ते वंशज. त्यांच्यापासून आता फ्लोरेआनासाठी पिल्लं वाढवली जात आहेत. ताईनं गाईडला विचारलं, मूळ वंशाच्या जवळ जाणारं कासव व्हायला किती पिढ्या लागतील? कासव वयात यायलाच वीस-पंचवीस वर्षं लागतात, तेव्हा त्यानं बोटांवर हिशेब केला आणि शंभराच्या पुढचा वर्षांचा आकडा सांगितला. मग दोघं कुंपणाशी उकिडवी बसून कुठल्या पिल्लाची पाठ खोगिरासारखी उंचावतेय ते पाहत राहिली, आणि ताईनं प्रत्येकाचा आकडा वहीत उतरवून घेतला.