बोलेंचा ठराव

अंगाने किडकिडीत. मोजून एक वाक्य, तेही इंग्रजी. जन्म ४ ऑगस्ट १९२३, मुंबईचं कायदे कौन्सिल; जन्मदाते रावबहादूर सीताराम केशव बोले. सरकारी पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शिवाय सरकारी शाळा, कोर्टं, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्य मानलेल्यांना वापरू द्यावेत, एवढंच त्याचं म्हणणं. स्वभाव भिडस्त. हुकूम सोडणं त्याच्या रक्तातच नव्हतं. तो शिफारस करायचा.

मी चेंबूरचा. स्टेशनजवळच्या आंबेडकर उद्यानात चौदा एप्रिलला पुतळ्यापुढे रांग लागते, हारांनी पुतळा गळ्यापर्यंत झाकतो. त्या गर्दीत हा ठराव कुणाला आठवत नाही, आणि त्याची तशी अपेक्षाही नसावी. तो जन्मला तेव्हा चेंबूर मुंबईत नव्हतं, उपनगर जिल्ह्यातलं गाव होतं. कुर्ल्याहून रेल्वेचे रूळ १९०६ मध्येच आले होते, पण ते शहराच्या कचऱ्यासाठी. माणसांना घेऊन गाडी धावली ती १९२४ मध्ये. म्हणजे मुंबईची घाण चेंबूरला अठरा वर्षं आधी पोचली. कौन्सिलातला न्याय कुठल्या गाडीने येणार होता, देव जाणे.

बोले भंडारी समाजातले, गिरणी कामगारांत वावरलेले. १९०७ मध्ये एक महार मुलगा मॅट्रिक झाला म्हणून सत्काराची सभा भरली, तिचे अध्यक्ष तेच. कृष्णाजी अर्जुन केळुसकरांनी त्या मुलाला आपलं बुद्धचरित्र भेट दिलं, ते याच सभेत. मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर. तेव्हा बोल्यांना आपला ठराव पुढे कोण खांद्यावर घेणार हे ठाऊक असायचं कारण नव्हतं.

त्या कौन्सिलाची भाषा इंग्रजी. ज्याला ती नीट येत नाही त्याने आपल्या भाषेत बोलावं, अशी नियमात सवलत होती. सवलत! साहेबाच्या सभागृहात खेड्यातल्या माणसाची भाषा सगळीकडे अशीच दाराशी उभी. तिकडे कॅनडात, क्युबेकमध्ये, १७९२ मध्ये पहिली विधानसभा भरली. बहुसंख्य सभासद फ्रेंच बोलणारे, तरी सभापती कुणाला करायचं आणि कामकाज कोणत्या भाषेत लिहायचं यावरच आधी भांडण. पुढे १८४० च्या कायद्याने तिथे कागदोपत्री फक्त इंग्रजी ठेवली. आठ वर्षांनी ते कलम काढावं लागलं. आमच्या ठरावाचं भांडण भाषेचं नव्हतं, पाण्याचं होतं. पण ज्यांच्या घशाला कोरड पडली होती, त्यांना त्याचा एक शब्दही वाचता आला नसता.

११ सप्टेंबर १९२३ ला सरकारने त्याला खालच्या कचेऱ्यांकडे धाडलं. तिथे त्याचं काय झालं असेल हे ज्याने कुठल्याही कचेरीत अर्ज टाकलाय त्याला सांगायला नको. टेबलावरून फायलीत, फायलीतून बासनात. महाडची नगरपालिका जरा बरी निघाली. तिने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळं सगळ्यांना खुलं केल्याचं कागदावर लिहिलं. पाण्याला हात लावायला मात्र कुणी धजेना. बोले चिडले असावेत. ५ ऑगस्ट १९२६ ला त्यांनी दुसरा ठराव आणला, की जी नगरपालिका, जे लोकल बोर्ड ऐकत नाही त्याचं अनुदान थांबवा. थोरल्याला दात नव्हते म्हणून धाकट्याला दिले.

पण ठराव चालला तो दातांवर नाही, पायांवर. ते पाय २० मार्च १९२७ ला महाडच्या रस्त्यावर दिसले. आंबेडकर तोवर कौन्सिलात नेमले गेले होते. त्यांनी ओंजळीत पाणी घेतलं, मागोमाग हजारोंनी घेतलं. नंतर लाठ्याकाठ्या, डोकी फुटणं. आणि मग तळ्याची 'शुद्धी': शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या १०८ घागरी. तळ्यात शेण कालवून त्याला शुद्ध म्हणायला काय दर्जाची श्रद्धा लागते, याचा मी पुष्कळ विचार केलाय. जमलेलं नाही.

त्याच वर्षी नगरपालिकेने आपला शब्द मागे घेतला. तारीख ४ ऑगस्ट. बिचाऱ्या ठरावाचा चौथा वाढदिवस. डिसेंबरात सनातन्यांनी दावा लावला: तळं खासगी आहे, अस्पृश्यांनी त्याला न शिवण्याची चाल पुरातन आहे. हायकोर्टाने तो दावा फेटाळला १७ मार्च १९३७ ला. म्हणजे एका ओंजळीसाठी, ठरावापासून मोजलं तर, साडेतेरा वर्षं.

ठरावाला नुसतं कागदी म्हणणारे निम्मे बरोबर आहेत. महाड झालं नसतं तर तो कौन्सिलाच्या जाड खंडात कसरीची वाट बघत पडला असता. पण महाडला निघालेल्यांच्या हातात तो होता म्हणून ते कुणाकडे पाणी मागायला गेले नाहीत, आपलं घ्यायला गेले. हा फरक लहान नाही.

परवा चेंबूर स्टेशनात फलाटावरच्या नळाशी एक पोऱ्या बाटली भरत होता. मागे चौघे उभे. एकाने घड्याळ बघून "आटप रे" म्हटलं. बाकी कुणी काही विचारलं नाही. गाडी आली, बूच न लावताच तो पळाला. पाणी डब्यात सगळ्यांच्या अंगावर सांडलं आणि सगळ्यांनी त्याला सारख्याच शिव्या दिल्या.

बोल्यांच्या नावाचा रस्ता दादर पश्चिमेला, सिद्धिविनायकाकडे जाताना लागतो. चेंबूरहून जायचं तर कुर्ल्याला गाडी बदलावी लागते.