जुन्या पद्मिनीची नवी चाके

सोलापूरच्या दिगंबर जैन घराण्यात १८८२ साली जन्मलेल्या शेठ वालचंद हिराचंद यांनी जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही उद्योगांचा पाया या देशात घातला, हे आपल्या वाचकांना नव्याने सांगण्याची गरज नाही. १९१९ साली सिंधिया कंपनीचे ‘लॉयल्टी’ जहाज मुंबईहून लंडनकडे निघाले. १९४० साली बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट सुरू झाली आणि १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी आपण पुस्तकांत वाचल्या. तिसरी मात्र आपल्यापैकी अनेकांच्या दारात उभी होती. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी फियाट ११०० पुढे १९७० च्या दशकात ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने ओळखली जाऊ लागली. अडतीची पेढी असो, कापडाचे दुकान असो की सराफी, व्यापारी घरात पहिली मोटार आली ती बहुधा हीच. नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहायची आणि गाडी आली की आधी मंदिरात न्यायची, मग पेढीवर, अशी तेव्हाची रीत होती.

आमच्या दादांची पद्मिनी १९८६ ची. शाहूपुरीतील गुळाच्या पेढीपासून कळंब्याच्या घरापर्यंत आणि वर्षातून काही वेळा कुंभोज बाहुबलीपर्यंत, एवढाच तिचा संसार. दादा गेल्यानंतर ती कळंब्याच्या शेडमध्ये चार पावसाळे उभी राहिली. विकावी असे घरात कोणी म्हटले नाही आणि चालवावी असेही कोणी म्हटले नाही. मोटारीच्या बाबतीत ही स्थिती सर्वांत वाईट. उभ्या गाडीचे ब्रेक धरून बसतात, टायर एकाच जागी चपटे होतात, पेट्रोलच्या टाकीत गंज धरतो. म्हणून पुतण्याने ती पुन्हा रस्त्यावर आणायचे ठरवले, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. त्याचा आराखडा त्याने मोबाइलवर दाखवला. रंग दादांचाच, मोतिया. आतली आसने पूर्वीसारखी. चाके मात्र सोळा इंची, काळ्या-चंदेरी अलॉयची आणि त्यावर रुंद, बसके टायर.

“काका, मूळ चाकांवर ती टॅक्सीसारखी दिसते,” तो म्हणाला. “ही चाके लावली की माझ्या वयाची मुले वळून बघतील. मला ती संग्रहालयात ठेवायची नाही, रोज चालवायची आहे.”

हा युक्तिवाद हलका नाही. ज्या वस्तूत तरुण पिढीला आपले काही दिसत नाही, ती वस्तू घरात टिकत नाही. दसरा चौकात छत्रपतींची मेबॅक येते तेव्हा तिच्याभोवती लोटणारी गर्दी आपण पाहतो. पण राजवाड्यातील गाडीला जपणारी माणसे असतात. सामान्य घरातील गाडीला तिच्यावर लोभ असलेला एखादाच मुलगा असतो. त्याचा लोभ मोडून गाडी वाचवणे म्हणजे मुद्दल बुडवून व्याज वसूल करण्यासारखे झाले असते. म्हणून नुसते ‘नको’ न म्हणता मी त्याला म्हणालो, आधी हिशेब मांडू.

टायरवरचे आकडे वाचणे खातेवही वाचण्याइतकेच सोपे आहे. १५५/८० आर १४ याचा अर्थ टायरची रुंदी १५५ मिलिमीटर, त्याच्या बाजूची उंची रुंदीच्या ८० टक्के म्हणजे १२४ मिलिमीटर, ‘आर’ म्हणजे रेडियल बांधणी आणि रिमचा व्यास १४ इंच. पद्मिनीला कारखान्यातून ५.२०-१४ हा जुन्या बांधणीचा अरुंद टायर येत असे. आजच्या रेडियल मापांत १५५/८० आर १४ हे त्याच्या सर्वांत जवळचे. १४ इंच म्हणजे ३५५.६ मिलिमीटर. त्यात वरची आणि खालची बाजू मिळून २४८ मिळवले की चाकाचा पूर्ण व्यास सुमारे ६०४ मिलिमीटर येतो.

आता पुतण्याला दुकानदाराने सुचवलेले माप २०५/५० आर १६. बाजूची उंची १०२.५, रिम ४०६.४, एकूण व्यास सुमारे ६११. फरक जेमतेम सव्वा टक्क्याचा. वेगदर्शकावर ६० दिसेल तेव्हा गाडी पाऊण किलोमीटरने अधिक धावत असेल, एवढेच. रिम मोठी करायची, बाजू तेवढी बुटकी करायची आणि बाहेरचा व्यास कायम राखायचा, हे या धंद्यातील मान्य गणित आहे आणि दुकानदाराने ते चोख केले होते. पुतण्याने विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिले.

परंतु ताळेबंदाच्या दोन्ही बाजूंची बेरीज जुळली म्हणजे प्रत्येक नोंद बरोबर असते असे नाही, हे बँकेत काम केलेल्या माणसाला पहिल्या वर्षीच कळते. व्यास जुळला, रुंदीचे काय? नवा टायर पन्नास मिलिमीटरने अधिक रुंद. ही वाढ दोन्ही बाजूंस वाटली, तरी पंचवीस मिलिमीटर आतल्या सांगाड्याकडे आणि पंचवीस बाहेर मडगार्डच्या पत्र्याकडे जाणार. शिवाय त्या रिमच्या छिद्रांचे वर्तुळ पद्मिनीच्या बोल्टांशी जुळत नव्हते, म्हणून मध्ये ॲडाप्टर प्लेट घालायची होती. त्या प्लेटच्या जाडीएवढे चाक आणखी बाहेर येणार. मोटार उभी असताना हे सगळे सुरेख दिसते. मागच्या आसनावर तीन माणसे बसून पाटे दबले, किंवा स्टिअरिंग पूर्ण वळवले, की टायर पत्र्याला घासतो. मग पत्र्याची कड आत मुडपायची किंवा कापायची आणि चाकांसाठी सुरू झालेला खर्च बॉडीवर येऊन पोहोचतो.

शिवाजी उद्यमनगरातील एका वयस्क मिस्त्रींकडे आम्ही गाडी नेली. त्यांनी चाकाशेजारी बसून हाताने अंतर मोजले आणि म्हणाले, “साहेब, फोटोत झ्याक दिसंल. पर पावसात घाट उतरताना कोण बसणार हाय हिच्यात, ते आधी ठरवा.”

बसणार होत्या आमच्या वहिनी. पंचाहत्तरी ओलांडलेल्या, पाठीच्या दुखण्यामुळे बसमध्ये बसू न शकणाऱ्या. दादांच्या गाडीतून बाहुबलीला जायचे, ही त्यांची या साऱ्या खटाटोपातील एकमेव मागणी. त्यामुळे मिस्त्रींचा प्रश्न मला दुकानदाराच्या गणितापेक्षा महत्त्वाचा वाटला आणि त्यांनी जे समजावून सांगितले ते मी येथे थोडे विस्ताराने लिहितो.

पद्मिनीचे इंजिन १०८९ सीसीचे, ताकद चाळीस अश्वशक्तीच्या आसपास, गाडीचे वजन सुमारे ९०० किलो. चारही चाकांना ड्रम ब्रेक. स्टिअरिंगला विजेची किंवा तेलाच्या दाबाची मदत नाही. माणसाचे मनगट हीच मदत. पुढचे चाक ज्या किंगपिनवर वळते, तिची रेषा खाली जमिनीपर्यंत वाढवली, तर ती टायरच्या टेकण्याच्या मध्याजवळ पोहोचते. हे अंतर आखणाऱ्याने विचारपूर्वक लहान ठेवलेले असते. चाक बाहेर सरकले की ते वाढते. मग उभ्या गाडीचे स्टिअरिंग वळवताना खांदे भरून येतात आणि चालत्या गाडीचे एक चाक खड्ड्यात गेले की स्टिअरिंग हातातून हिसका देते. बेअरिंगवर भार तिरका पडतो. रुंद टायर रस्ता घट्ट धरतो हे खरे, पण त्या पकडीचा ताण ज्या पिना, बुश आणि दांड्यांवर येतो त्या अरुंद टायरच्या हिशेबाने घडवलेल्या आहेत.

अलॉय म्हणजे हलके, ही समजूतही तपासून पाहावी लागते. त्याच मापात अॅल्युमिनियमची रिम लोखंडी रिमपेक्षा हलकी असू शकते. दोन इंच मोठी रिम आणि त्यावर रुंद टायर असे दोन्ही धरले, तर चाक बहुधा जडच होते आणि हे वजन कडेकडे सरकते. कडेला वजन असलेले चाक फिरवायला आणि थांबवायला अधिक जोर लागतो. फिरवणार चाळीस घोडे, थांबवणार ते ड्रम ब्रेक. खड्ड्यांचा प्रश्न तर कळंब्याच्या माणसाला समजावून सांगायला नको. उंच बाजूचा टायर खड्ड्याचा घाव स्वतः सोसतो. बसका टायर तो रिमपर्यंत पोहोचवतो. लोखंडी रिम वाकते, ती उद्यमनगरात ठोकून सरळ करता येते. ओतीव अलॉय तडकते आणि तडकलेली रिम जोडून पुन्हा वापरणे म्हणजे जिवाशी खेळ. आणि जुलैतल्या पावसात हलक्या गाडीचा रुंद टायर पाण्यावर लवकर तरंगतो, कारण तेवढेच वजन अधिक जागेवर विभागले जाते.

आपले मुनिमहाराज वाहनात बसत नाहीत. चार हात जमीन पाहून पाऊल टाकतात. ती ईर्यासमिती आपण श्रावकांनी पाळणे शक्य नाही. पण साठच्या वेगाने धावणारी आपली मोटार जमिनीला टेकते ती केवळ चार तळहातांएवढ्या जागेवर, याचे भान निदान टायर घेताना असावे, असे मला त्या दिवशी मिस्त्रींच्या ओसरीवर बसून वाटले.

कायद्याची बाजू थोडक्यात. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही भूमिका स्पष्ट केली आहे. पुतण्याच्या मनात आणखी एक स्वप्न आहे. पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या वाहनांसाठी २०२१ च्या नियमांनी ‘व्हिंटेज’ नोंदणीची वेगळी सोय केली. त्यासाठी गाडी मूळ रूपात असावी लागते, चॅसिस, बॉडी वा इंजिनात बदल चालत नाही. दादांच्या गाडीची पन्नाशी २०३६ ला. मडगार्डचा पत्रा आज कापला, तर तेव्हा तो परत कोठून आणणार?

मला विचाराल तर या सगळ्यांत निर्णायक ठरली ती स्टेपनी. साठ हजारांच्या घरात गेलेल्या त्या अंदाजपत्रकात चाके चार होती. पाचव्याचा उल्लेखच नव्हता. डिकीत जुनी चौदा इंची स्टेपनी राहणार, तिला प्लेट बसत नाही आणि प्लेट लावलेल्या जागी तिचे बोल्ट लागत नाहीत. निपाणीजवळ रात्री पंक्चर झाले तर वहिनींना रस्त्याच्या कडेला बसवून तू काय करणार, असे मी विचारले. पुतण्या बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “पाच घेऊ.” आम्ही दोघेही हसलो आणि त्यानंतर बोलणे सोपे झाले.

मी अलॉयच्या विरुद्ध नाही, हेही त्याला सांगितले. चौदा इंची, योग्य रुंदीची, बोल्टांचे वर्तुळ आणि बैठक प्लेटशिवाय जुळणारी, आयएसआय चिन्ह असलेली रिम मिळाली तर जरूर बसवावी. माझी हरकत धातूला नव्हती, मापाला होती. परिग्रहाचे परिमाण आपल्या व्रतांत सांगितले आहे. यंत्राचेही एक परिमाण असते आणि ते त्याच्या आखणाऱ्याने ठरवलेले असते, इतकेच माझे म्हणणे.

तूर्त पाचही लोखंडी डिस्क उतरवून तपासल्या. एक वाकलेली निघाली, ती सरळ केली. दुसरीची कड गंजाने खाल्ली होती, ती बाद करून जुन्या बाजारातून चांगली शोधली. सगळ्यांचा गंज काढून भट्टीचा रंग दिला. पाच रेडियल टायर घेतले. ते घेताना बाजूवरचा चार आकडी शिक्का पाहिला: पहिले दोन आकडे आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. दुकानात वर्षानुवर्षे पडून राहिलेला टायर नवा दिसतो, नवा नसतो. जुन्या डिस्कच्या कडेला ट्यूबलेस टायर धरून ठेवणारा उंचवटा नसतो, म्हणून आत ट्यूब घातल्या. जुन्या बांधणीचा एकही टायर रेडियलबरोबर ठेवला नाही, कारण मिश्र टायरांची गाडी वळणावर भलतीच वागते. उरलेल्या पैशांतून चारही चाकांचे ब्रेक लायनर, ब्रेकचे रबर आणि पुढच्या पिना नव्या झाल्या. या कामाचा फोटो काढण्यासारखा काही नाही, अशी पुतण्याची तक्रार होती. म्हणून चकचकीत व्हीलकप आणि टायरवर पांढरी पट्टी, या दोन गोष्टींना मी आनंदाने मान हलवली.

वहिनी बाहुबलीला जाऊन आल्या. जाताना हातकणंगल्यापर्यंत त्या काही बोलल्या नाहीत. मग पुढच्या आसनाची पाठ हाताने चाचपत म्हणाल्या, “हे एवढी जोरात नव्हते चालवत.” पुतण्याने वेग कमी केला.

त्याच्या मोबाइलमध्ये सोळा इंची चाकांचे फोटो अजून आहेत. चौदा इंची अलॉयचा शोधही त्याने सोडलेला नाही. बोल्टांचे वर्तुळ जुळणारा एक जुना संच पुण्यात असल्याचे त्याला परवा कळले. संचात चार रिम आहेत. पाचवीची चौकशी चालू आहे.