पहिल्या अपयशानंतर काय?

1989 सालच्या आरंभी भारतीय क्रिकेट संघ वेस्ट इंडिजच्या दौऱ्यावर निघाला, तेव्हा निवड समितीसमोर पंधरा वर्षांच्या सचिन तेंडुलकरचेही नाव होते. आदल्याच डिसेंबरात वानखेडेवर गुजरातविरुद्ध रणजी पदार्पणात त्याने नाबाद शतक केले होते. तरीही त्याला घरी ठेवण्यात आले. वेस्ट इंडिजच्या तेज गोलंदाजांना इतक्या कोवळ्या वयात सामोरे जाणे नको, असा विचार त्यामागे होता. त्याच वर्षी नोव्हेंबरात मात्र त्याला पाकिस्तानला नेले. तेथेही इम्रान खान आणि वसीम अक्रम होतेच, शिवाय कराचीत त्याच्याबरोबरच पदार्पण करणारा वकार युनूस.

म्हणजे गोलंदाजी सोपी झाली नव्हती. या निर्णयाचे खरे मोल मला पुढच्या वागण्यात दिसते. कराचीत सचिन 15 धावांवर वकारच्या चेंडूवर त्रिफळाचीत झाला. तरी त्याला वगळले नाही, चारही कसोटी खेळवल्या. चौथ्या कसोटीत, सियालकोटला, 4 बाद 38 अशी अवस्था असताना वकारचा चेंडू नाकावर आदळला, रक्त आले. तो मैदान सोडून गेला नाही. दुसऱ्या टोकाला नवज्योत सिद्धू उभा होता. सचिनने 57 धावा केल्या व सामना वाचला.

याउलट पृथ्वी शॉ. 2018 मध्ये राजकोटला पदार्पणातच 134. डिसेंबर 2020 मध्ये ॲडलेडला ऑस्ट्रेलियाच्या तोफखान्यासमोर 0 आणि 4, आणि पुढच्याच कसोटीत त्याच्या जागी शुभमन गिल. गिलने संधीचे सोने केले, हे खरे. पण वयाच्या एकविसाव्या वर्षी शॉची कसोटी कारकीर्द तेथेच थांबली. दोष कोणाचा, हा वाद मी घालत नाही. मात्र पहिला हप्ता थकताच खाते बंद करणाऱ्या अधिकाऱ्याला बँकेत आम्ही सावध म्हणत नसू.

हे सारे आठवण्याचे कारण घरातलेच. धुळ्याला माझ्या मुलाचे कापडाचे दुकान आहे. नातू तेरा वर्षांचा. प्रशिक्षकांनी त्याला मोठ्या मुलांच्या संघात तिसऱ्या क्रमांकावर उतरवायचे ठरवले, तेही दोन चांगले वेगवान गोलंदाज असलेल्या संघाविरुद्ध. सूनबाईंचे म्हणणे, एक वर्ष थांबावे. पर्युषणात एकासना, उपवास पचल्याशिवाय आपण मुलाला थेट अठाईचे पच्चक्खाण घेऊ देतो का, हा त्यांचा प्रश्न बिनतोड होता. मुलाने जळगावला फोन केला, "पप्पा, कोणाला किती कर्ज द्यायचे हे तुम्ही आयुष्यभर ठरवलेत. आता हेही सांगा."

मी प्रशिक्षकांना एकच विचारले, "तो शून्यावर बाद झाला, तर पुढच्या सामन्यात त्याच क्रमांकावर खेळेल का?"

"ते तेव्हा पाहू," ते म्हणाले.

"मग या वर्षी राहू द्या," मी म्हणालो. मुलगा थोडा नाराज झाला, नातू तर बोलेचना. पेढीवर मुलाला पहिली खरेदी करू देताना दोन सौदे तोट्यात जातील हे आपण मनाशी धरतो. मैदानावर तेवढेही का धरू नये?

दोन दिवसांनी प्रशिक्षकांचाच फोन आला. तीन सामने नक्की, क्रमांक तोच, आणि सोबतीला संघातला सर्वांत अनुभवी मुलगा. मी होकार दिला. सूनबाईंनी हेल्मेट नवे घ्यायला लावले.

पहिल्या सामन्यात नातू 4 धावांवर बाद झाला. दुसरा येत्या रविवारी आहे. जळगावहून सकाळच्या पहिल्या एसटीने मी निघणार आहे.