ऐकून शिकणाऱ्यांसाठी

आमच्या सेमिनरीच्या दिवसांत एखाद्या नामवंत प्राध्यापकाचे व्याख्यान ऐकावयाचे, तर दोनच मार्ग होते. त्यांच्या समोर जाऊन बसावे, नाहीतर कोणी ध्वनिमुद्रित केलेली कॅसेट हाती येईपर्यंत वाट पाहावी. ती कॅसेटही प्रतीवरून प्रत केलेली. विहिरीतून कोणी बोलत असल्यासारखा आवाज! आज यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या धर्मग्रामात बहुतेक घरी एक तरी स्मार्टफोन आहे. तरीही गतवर्षी बारावीतील एक मुलगी आम्हांस म्हणाली, "फादर, मोफत लिहिलं होतं म्हणून ऐकलं. दोन पाठ झाले आणि तिसऱ्याला पैसे मागितले." तिचे वडील कोरडवाहू जमिनीत कापूस पेरतात. तिने घरी पैसे मागितले नाहीत. भौतिकशास्त्राचे पुस्तकच मिटून ठेवले.

मोफत या शब्दाचे हे दोन अर्थ ओळखता आले पाहिजेत. एक गळाला लावलेले आमिष, दुसरे खरेखुरे दान. तेव्हापासून शोध घेताना आम्ही पहिला प्रश्न विचारतो तो हा, की याचा खर्च कोण सोसतो? अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठाने 2001 साली आपले अभ्यासक्रम सर्वांना खुले करण्याचे जाहीर केले, ते स्वतःच्या आणि देणगीदारांच्या बळावर. आपल्याकडे आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी 2003 साली एनपीटीईएल आरंभिले, ते शासनाच्या पैशावर. तेथे ऐकणे, शिकणे विनामूल्य आहे. शुल्क पडते ते प्रमाणपत्राच्या परीक्षेस. 2017 साली सुरू झालेल्या स्वयंप्रभा वाहिन्यांवर अकरावी-बारावीच्या विज्ञान विषयांचे पाठ ठेवले गेले. हे पाठ त्या मुलीला शोधून देण्यास अर्धी संध्याकाळ लागली, कारण जाहिरातीच आधी पुढे येतात.

पण भाषेचे काय? यातील बहुतांश व्याख्याने इंग्रजीत. मराठी माध्यमात शिकलेले मूल विषयाशी झुंजण्याआधी शब्दांशीच झुंजते. म्हणून मुंबई आयआयटीचा 'स्पोकन ट्युटोरियल' हा प्रकल्प आम्हांस विशेष भावला. प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांच्या नेतृत्वाखाली तो उभा राहिला. सुमारे दहा-दहा मिनिटांचे पाठ. पडद्यावरील चित्र तेच राहते, केवळ निवेदन मराठीसह अनेक भारतीय भाषांत बदलते. पाठ उतरवून घेतला की इंटरनेटवाचूनही चालतो. संगणकाच्या पाठांबरोबर तेथे आरोग्य व पोषणाचेही पाठ आहेत. बाळाला छातीशी नेमके कसे धरावे म्हणजे त्याला पुरेसे दूध मिळेल, हे अक्षरओळख नसलेल्या मातेलाही त्यातून समजते. आम्ही धर्मगुरूंनी हा विषय व्यासपीठावरून कधी काढला असता का, वाचकांनीच सांगावे.

घाटंजीकडच्या वस्त्यांवर रेंज लंगडी, आणि घरातील एकुलता एक फोन वडिलांच्या खिशात. मुलीच्या हाती तो येतो रात्री भांडी झाल्यावर. अशा वेळी केवळ आवाज पुष्कळ उपयोगी पडतो. अर्ध्या तासाचे ध्वनिमुद्रण साधारण 15 एमबीत मावते. चित्रफितीला त्याच्या कित्येक पट लागतात. म्हणून चर्चच्या कार्यालयात जोडणी बरी असते तेव्हा आम्ही पाठ उतरवून ठेवतो आणि मुले मेमरी कार्डावर ते घेऊन जातात.

'लिब्रिव्हॉक्स' या नावाने 2005 पासून जगभरचे स्वयंसेवक स्वामित्वहक्कातून मुक्त झालेली पुस्तके वाचून ध्वनिमुद्रित करीत आहेत. इंग्रजीचा तेथे डोंगर आहे, मराठीची मात्र वानवा. आपल्या देशात लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी त्याचे लेखन सर्वांचे होते. लक्ष्मीबाई टिळक 1936 साली निवर्तल्या, म्हणजे त्यांची 'स्मृतिचित्रे' वाचून मुद्रित करण्यास कोणाच्या अनुमतीची गरज नाही. आमच्या येथे एक निवृत्त शिक्षक आहेत, मोतीबिंदूने नव्हे, मधुमेहाने दृष्टी गेलेली. पुस्तक ऐकण्याची इच्छा प्रथम त्यांचीच. वाचावयास युवक मंडळातील तिघे तयार झाले आहेत.

पहिल्या पानांचे वाचन गेल्या रविवारी मिस्सेनंतर झाले. बाहेर कापसाचा ट्रॅक्टर आल्याने दोनदा थांबावे लागले. गुरुजी मात्र उच्चार सुधारीत शेवटपर्यंत बसून होते.