'त्रासदायक' म्हणजे किती मिलिमीटर?

चाकण एमआयडीसीतल्या एका व्हेंडर कंपनीत मी इन्स्पेक्शनला आहे. मोठ्या गाडी कंपन्यांना लागणारे छोटे-मोठे पार्ट आमच्याकडे बनतात. आमच्या ड्रॉइंगवर 'भोक व्यवस्थित पाडावे' असं कधीच लिहिलेलं नसतं. २५ मिलिमीटर, अधिक-उणे ०.०२ असं लिहिलेलं असतं. माझ्या हातात गो-नो-गो गेज असतं. गो बाजू आत गेली पाहिजे आणि नो-गो बाजू जाता कामा नये. ऑपरेटर नवा असो, मी घरून भांडून आलेलो असो किंवा पार्ट सुपरवायझरच्या पुतण्याने केलेला असो, गेज सगळ्यांना एकच उत्तर देतं.

त्यामुळे माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम ६६अ पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या डोक्यात पहिला प्रश्न आला, की याचं टॉलरन्स कुठे लिहिलंय?

२००० सालच्या मूळ कायद्यात हे कलम नव्हतं. डिसेंबर २००८ मध्ये, २६/११ ला महिनाही झाला नव्हता तेव्हा, संसदेने फारशी चर्चा न करता दुरुस्ती मंजूर केली आणि २७ ऑक्टोबर २००९ पासून ती लागू झाली. 'अत्यंत आक्षेपार्ह' मजकूर पाठवला तर गुन्हा. खोटं आहे हे माहीत असताना त्रास, गैरसोय, अपमान किंवा वैरभाव निर्माण करण्यासाठी काही पाठवलं तरी गुन्हा. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. आक्षेपार्ह म्हणजे काय, त्रास कुणाला आणि किती झाला की गुन्हा, याची व्याख्या कायद्यात कुठेही नव्हती. 'गैरसोय' हा शब्द तर बघा. संध्याकाळी सहाला चाकणच्या तळेगाव चौकात उभं राहा, गैरसोय म्हणजे काय ते कळेल.

हेतू वाईट होता असं मला वाटत नाही. कलमाचा एक भाग पाठवणाऱ्याचा खरा पत्ता लपवून फसवे ई-मेल पाठवणाऱ्यांसाठी होता. शब्दांचं मूळ पार १९३५ च्या ब्रिटिश पोस्ट ऑफिस कायद्यापर्यंत जातं. तिथे प्रश्न टेलिफोनवरून घाणेरडं बोलणाऱ्यांचा होता. एका माणसाने दुसऱ्याला केलेल्या फोनसाठी घडवलेले शब्द आपण सगळ्या जगाला दिसणाऱ्या फेसबुक पोस्टला लावले. दुसऱ्या मशीनचं फिक्स्चर आपल्या मशीनवर बसवलं की काय होतं, ते शॉपफ्लोअरवर कुणालाही विचारा.

त्यात आणखी दोन गोष्टींची भर पडली. गुन्हा दखलपात्र होता, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकत होते. साधी बदनामी तेव्हाच्या भारतीय दंड संहितेत अदखलपात्र होती आणि तिला शिक्षा दोन वर्षांपर्यंत होती. तेच वाक्य तुम्ही छापलंत तर एक न्याय आणि मोबाइलवर टाकलंत तर दुसरा. शिवाय त्याच दुरुस्तीने तपासाचा अधिकार उपअधीक्षकावरून निरीक्षकापर्यंत खाली आणला. शब्द सैल आणि अधिकार स्थानिक ठाण्यात. मग दाराशी जमाव आला की शब्दाचा अर्थ कोण ठरवणार?

पालघरला ते दिसलं. १७ नोव्हेंबर २०१२ ला बाळासाहेब ठाकरे गेले. दुसऱ्या दिवशी मुंबई बंद होती. तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघरमधल्या एका तरुणीने फेसबुकवर या बंदबद्दल प्रश्न विचारला. तिच्या मैत्रिणीने ती पोस्ट लाइक केली. दोघींना अटक झाली. एका मुलीच्या नातेवाइकाच्या दवाखान्याची तोडफोड झाली. लिहिणारी आणि अंगठा दाबणारी, दोघी एकाच कलमात बसल्या. पुढे दोन पोलीस अधिकारी निलंबित झाले आणि प्रकरण बंद झालं. पण आधी अटक झाली, ती झालीच.

त्याच वर्षी मे महिन्यात मुंबईत एअर इंडियाच्या दोन कर्मचाऱ्यांना फेसबुकवरच्या मजकुरावरून अटक झाली होती. ते बारा दिवस कोठडीत होते. त्या अटकेमागे कर्मचारी संघटनेतला वाद होता. पालघरची गोष्ट सगळ्यांना आठवते, पण पगारावर जगणाऱ्या माणसाला ही दुसरी जास्त जवळची वाटते.

पालघरनंतर श्रेया सिंघल या कायद्याकडे वळलेल्या तरुणीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. २४ मार्च २०१५ ला न्यायमूर्ती चेलमेश्वर आणि न्यायमूर्ती नरिमन यांनी कलम ६६अ पूर्ण रद्द केलं. निकालात इंग्लंडमधले दोन खटले आहेत. त्यातल्या एकात बर्फामुळे विमानतळ बंद पडला म्हणून वैतागून एकाने तो उडवून देण्याचं ट्विट केलं. खालच्या कोर्टाने दोषी ठरवलं आणि २०१२ मध्ये हायकोर्टाने विनोद म्हणून सोडलं. अनुभवी न्यायाधीशांचंच एका शब्दावर एकमत होत नसेल, तर ठाण्यातल्या निरीक्षकाने काय करायचं? कलमाचा वापर आम्ही जपूनच करू, असं सरकारने कोर्टात सांगितलं होतं. कोर्टाने ते ऐकलं नाही. सरकारं येतात-जातात, कलम मात्र राहतं, असा त्यावरच्या उत्तराचा आशय होता.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आकडे आले. कलम रद्द झाल्यानंतरही देशभर त्याखाली गुन्हे नोंदवले जात होते आणि सर्वांत जास्त, ३८१, आपल्या महाराष्ट्रात. छापील कायद्यात कलम तसंच होतं, रद्द झाल्याची टीप खाली बारीक अक्षरात. रिव्हिजन बदललेलं ड्रॉइंग मशीनपाशी पोचलंच नाही, तर ऑपरेटर जुनाच पार्ट काढत राहतो. शेवटी १२ ऑक्टोबर २०२२ ला न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं, की या कलमाखाली कुणावरही खटला चालवू नका.

हे ३८१ कागदावर तरी आले. माझा रूममेट कुठल्याच आकड्यात नाही.

तो बीडचा. २०१९ मध्ये आम्ही म्हाळुंग्यात एका खोलीत चौघं राहायचो. तो एका कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर होता. त्याने त्यांच्या शिफ्टच्या पोरांचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला होता. बस किती वाजता येणार, सुट्टी कुणाला हवीय, असलं सगळं त्यात चालायचं. हळूहळू पोरं ओव्हरटाइमच्या स्लिपांचे फोटोही तिथेच टाकायला लागली. एकदा कुणीतरी कॉन्ट्रॅक्टरबद्दल एक मीम टाकलं. रात्री त्याला फोन आला. "आयटी ॲक्ट माहितीय ना? सहासष्ट अ. ॲडमिनला आधी उचलतात."

कलम तोवर चार वर्षांपूर्वी मेलं होतं. फोन करणाऱ्याला ते माहीत नसेल, किंवा असेलही. आम्हा चौघांना नक्कीच नव्हतं. रूममेटने सगळ्यांना एकेक करून काढलं आणि ग्रुप उडवला. स्वतःचे चॅटही पुसले. इतरांनाही फोटो डिलीट करायला लावले. चार महिन्यांनी कॉन्ट्रॅक्ट संपलं तेव्हा ओव्हरटाइमच्या तासांवरून वाद झाला आणि दाखवायला कुणाकडेच काही नव्हतं. त्याच्या हिशोबाने त्याचेच अकरा हजार गेले. एफआयआर नाही, अटक नाही, कोर्ट नाही. सैल शब्दाचं नुकसान बहुतेकदा असंच होतं, त्याची नोंद कुठेच होत नाही.

त्याला ॲडमिनची भीती सर्वांत जास्त होती. मार्च २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोंदियाच्या एका प्रकरणात सांगितलं, की सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून कुणाला दोषी धरता येणार नाही. दोघांनी आधी ठरवून केलं असेल तर गोष्ट वेगळी. ॲडमिन माणसं घेऊ शकतो, काढू शकतो. कोण काय लिहिणार, हे त्याच्या हातात नसतं.

मग ऑनलाइन काहीही चालू द्यायचं का? आमच्या क्वालिटीतल्या एका मुलीला अनोळखी नंबरवरून सहा महिने रोज रात्री मेसेज यायचे. तिच्यासाठी कायदा हवाच. पण तो कसा लिहितात, ते २०१३ मध्ये आलेल्या ३५४ड या पाठलागाच्या कलमात बघा. स्त्रीने स्पष्ट नकार दाखवूनही पुन्हा पुन्हा संपर्क साधणं, तिच्या इंटरनेट वापरावर पाळत ठेवणं. ती नाही म्हणाली का? तरी पुन्हा केलं का? या दोन प्रश्नांची उत्तरं फोनमध्ये सापडतात. आता भारतीय न्याय संहितेत ते कलम ७८ आहे. 'त्रासदायक' या शब्दाने तिचं काहीच भलं झालं नसतं, कारण तो शब्द आधी मोठ्या माणसांना झालेला त्रास मोजायला धावतो.

सैल शब्द अजून येतच असतात. २०२३ मध्ये केंद्राने नियम केला, की केंद्र सरकारच्या कामाबद्दलचा 'बनावट, खोटा किंवा दिशाभूल करणारा' मजकूर सरकारचाच कक्ष ठरवेल. कुणाल कामराने त्याला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं. जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींची मतं वेगळी पडली. तिसरे न्यायमूर्ती चांदुरकर यांनी २० सप्टेंबर २०२४ ला कौल दिला आणि तो नियम रद्द झाला. इथेही या शब्दांच्या संदिग्धतेवर बोट ठेवलं गेलं. यापुढे असा कुठलाही कायदा आला, की त्याचा हेतू वाचण्याआधी शब्द वाचा आणि तुम्हाला सर्वांत नको असलेल्या माणसाच्या हातात तो देऊन बघा.

रूममेट आता निघोज्यात राहतो. शिफ्टच्या नव्या ग्रुपमध्ये आहे, पण ॲडमिन व्हायला तयार नाही. नागपूरचा निकाल मी त्याला पाठवला. त्याने वाचला, अंगठा दाखवला आणि स्लिपांचे फोटो आपल्या बहिणीच्या ई-मेलवर पाठवायचं काम काही थांबवलं नाही.