चौदावा तास संपायच्या आत

शिकागोहून आय-८० हायवेने पश्चिमेला निघालात, की पावणेतीन तासांत आयोवातलं वॉलकॉट येतं. तिथला ‘आयोवा ८०’ स्वतःला जगातला सर्वात मोठा ट्रक स्टॉप म्हणवतो. न्हावी, डेंटिस्ट, ट्रकचं म्युझियम आणि सुमारे ९०० ट्रकचं पार्किंग! बघायला जायचं तर संध्याकाळी जा. जागा पकडायची घाई तेव्हाच दिसते.

सलग १० तास विश्रांती झाली की ड्रायव्हरचं घड्याळ सुरू होतं. पुढच्या १४ तासांत ड्रायव्हिंग फार तर ११ तास. गोदामात माल भरायला तीन तास गेले? ते १४ मधूनच कापले. वाटेत इन्स्पेक्टरने थांबवून ब्रेक, टायर, दिवे तपासले? तेही त्यातच. पैसे मात्र बऱ्याच जणांना मैलावर, म्हणजे खोळंबा फुकट. पूर्वी कागदी लॉगबुकात थोडं इकडचं तिकडे करता यायचं. डिसेंबर २०१७ पासून बहुतेकांच्या केबिनमध्ये इलेक्ट्रॉनिक यंत्र सक्तीचं झालं. (आपलं ऑफिसातलं पंचिंग कार्ड त्यापुढे अगदीच दयाळू!) आणि वेळ संपूनही गाडी चालवताना सापडलात, तर विश्रांती पूर्ण होईपर्यंत स्टीअरिंगला हात लावायचा नाही.

कॉफीच्या रांगेत एक सरदारजी भेटले. हिंदी ऐकून खुलले. घड्याळात बारा मिनिटं उरली असताना जागा मिळाली होती. ‘‘नहीं मिलती तो?’’ मी विचारलं. ते हसले, हायवेच्या रॅम्पकडे बोट दाखवलं आणि झोपायला गेले.